चार वेळा नापास झालेल्या माणसाचं पत्र

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी हातानं लिहीत नाही, मोबाईलला बोलून सांगतोय आणि तो टाइप करतोय, त्यामुळे कुठं पूर्णविराम राहिला किंवा एका वाक्यात तीन गोष्टी आल्या तर सांभाळून घ्या. लिहायला बसलो तर चार ओळींना अर्धा तास जातो आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. थोरली पोरगी अकरावीला आहे, तिनं एकदा नजर फिरवलीय. मी तासगाव तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी, स्टार्टर, द्राक्षबागेच्या फवारणीचे पंप असली कामं. वय ४४.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पाचवी-आठवीच्या परीक्षेवर पत्रं आली होती, पोरीनं वाचून दाखवली. एका काकांनी लिहिलंय की ढकलपास बंद झालं ते लई बरं झालं, पोरांना वाचता येत नाही आणि आठवीपर्यंत पोचतात, आता नापासाची भीती असली की आपोआप वाचतील. पहिलं अर्धं बरोबर आहे, पोरांना खरंच वाचता येत नाही. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला बोलायचंय कारण त्यातला अनुभव माझ्याकडं भरपूर आहे. मी सातवीत एकदा नापास, नववीत एकदा, दहावीत दोनदा. आमच्या वेळी भीतीची काही कमी नव्हती, घरी वडील होते आणि शाळेत गुरुजी होते, ओल्या निरगुडीच्या फोकाचा मार मी खाल्लाय. चार वेळा नापास होऊन मला वाचता आलं का? नाही आलं. सातवीत जी अक्षरं कळत नव्हती तीच दुसऱ्या वर्षी परत कळली नाहीत, एवढंच झालं.

आता मुद्द्याचं. माझा धाकटा पाचवीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिलीत तो छान वाचतो असं आम्हाला वाटायचं. पुस्तक धरून घडाघडा म्हणायचा. एकदा जेवायच्या वेळी मी सहज त्याचं पान उलटलं तरी गडी आधीचाच धडा म्हणतोय! चित्र बदललं, पान बदललं, याचं चालूच. वर्गात दुसरी पोरं वाचतात ते ऐकून त्यानं सगळं पाठ केलेलं. बायको हसली, मला मात्र घास गिळेना, कारण मी पण हेच करायचो. पहिली दुसरी मी असाच काढली होती आणि तिसरीत धडे मोठे झाल्यावर उघडा पडलो.

मग जे सगळे करतात ते आम्ही पण केलं. चष्म्याचा नंबर बघितला, नंबर नाही. मेमरीचं सिरप पाजलं. मेव्हणा म्हणाला सेमी इंग्लिशला टाक. एका क्लासवाल्यानं तर डोळ्यावर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवतो म्हणून सहा हजार सांगितले. म्हणलं बाबा आमचा उघड्या डोळ्यानं वाचत नाही त्याचं आधी बघ.

दुसरीत असताना कुणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. पहाटेची एसटी, केसपेपर, रांग, दीड वाजता नंबर लागला. मुलाचं वय विचारलं. साडेसात. म्हणाले आठ पूर्ण झाल्यावर या, त्याच्याआधी अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असून लिहायवाचायला अडतं त्याचा, दाखला देत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, नंतर कळलं की केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमातच तसं होतं, आठ वर्षांनंतरच दाखला आणि मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासणी. लहान पोरगं आज अडखळतंय ते उद्या सुधारू पण शकतं, त्यामुळे दाखल्याला घाई नको हे मला पण पटतं. पण पुढं काय झालं ते बघा. शाळेत येऊन सांगितलं की दाखला आठ वर्षांनंतर, तर शाळेनं पण हात वर केले की दाखला आला की मग बघू. मग आठ झाले, परत दवाखाना, एकदा मानसतज्ज्ञ रजेवर, एकदा बुद्धीची चाचणी झाली पण लिहायवाचायची राहिली, एकदा नुसती सही राहिली. दर खेपेला दुकान बंद आणि त्याची शाळा बुडाली ती वेगळी. दाखला हातात पडला तेव्हा पोरगं चौथीत होतं. पहिली, दुसरी, तिसरी गेली कुठं? वाट बघण्यात गेली.

माझ्या धंद्यातलं सांगतो. शेतकरी मोटार घेऊन येतो, म्हणतो फिरत नाही. मी मोटारीला शिव्या देत नाही आणि लगेच वाइंडिंग पण तोडत नाही. पहिलं मीटर लावतो. कधी सप्लायच येत नसतो, कधी एक फेज गेलेला असतो, कधी नुसतं बेअरिंग धरलेलं असतं. कधी तर मोटार फर्स्टक्लास फिरते पण पाणीच उचलत नाही, बघावं तर दोन फेज अदलाबदल झालेत आणि ती उलटी फिरतीय. दहा मिनिटांचं काम. पण मीटर कुणीतरी लावावं तर लागतं ना. आमच्या वर्गात मीटर कुणी लावलंच नाही, सगळे मोटारीला फोक मारत बसले.

तिसरीत एक चांगली गोष्ट घडली. विशेष शिक्षिका मॅडम शाळेवर यायला लागल्या, दर गुरुवारी. त्यांनी धाकट्याला समोर बसवून पंधरा मिनिटात जे ओळखलं ते आम्हाला तीन वर्षांत ओळखता आलं नव्हतं. मला वाटायचं त्याला अक्षरं उलटी दिसतात, सगळ्यांनाच तसं वाटतं. मॅडम म्हणाल्या दिसायचा काही प्रॉब्लेम नाही, तोंडातल्या शब्दाचे आवाज सुटे करणं आणि एकेका आवाजाला अक्षराची गाठ मारणं, ती गाठ पक्की बसत नाही. त्यांनी त्याला विचारलं 'कपाट' मधला 'क' काढून टाकला तर काय राहिलं. माझ्या पोराला सांगता येईना. शब्द माहीत, कपाट माहीत, त्यातून आवाज काढता येईना. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी पण जरा थांबून मनात म्हणून बघत होतो. त्या काही बोलल्या नाहीत पण कळलं त्यांना. हे असलं घराण्यात येऊ शकतं म्हणाल्या.

आपण म्हणतो मराठी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो. सगळं तसं नाही हो. 'किती' मधली वेलांटी आधी लिहायची आणि क च्या नंतर म्हणायची. र तर बहुरूपीच आहे, सर्किटमध्ये डोक्यावर बसतो, चक्रात पोटात घुसतो, ट्रकमध्ये पायाखाली जातो आणि 'दुसऱ्या' मध्ये आडवा पडतो, चार सोंगं आणि नाव एकच. घ आणि ध मध्ये एवढ्याश्या गाठीचा फरक, भ आणि म चं तसंच. ख हा मला अजून गडबडीत र आणि व दिसतो. चहातला च वेगळा, चमच्यातला च वेगळा, अक्षर मात्र तेच. ज्यांना येतं त्यांना हे कधी जाणवत पण नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्यावर सगळं एकदम येऊन पडतं, वर वर्ग पुढं पळत असतो.

यावरून एक आठवलं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं पण म्हणायला सुचवलं होतं, आठवतंय का? केवढी चेष्टा झाली महाराष्ट्रात. विधानसभेत झाली, व्हॉट्सअपवर झाली, माझ्या दुकानात पण झाली. मंगला नारळीकर बाई त्या समितीच्या प्रमुख होत्या, एवढ्या मोठ्या गणिती, त्या सांगत होत्या की आकडा एक क्रमानं लिहायचा आणि उलट्या क्रमानं बोलायचा, वर ती जोडाक्षरं, यात बरीच पोरं अडकतात. हसणाऱ्यांत मी पण होतो. आणि तेव्हा गिऱ्हाईक फोन नंबर सांगताना सत्त्याऐंशी म्हणालं की मीच विचारायचो, आठ सात का सात आठ? आज पण विचारतो. त्यांनी जे केलं होतं ते माझ्यासारख्यासाठीच होतं हे कळायला मला चार वर्षं लागली. आता त्या नाहीत.

तर मॅडमनी काय केलं, काही जादू नाही केली. पाटीवर वाळू पसरून बोटानं अक्षर काढायचं, काढताना आवाज मोठ्यानं म्हणायचा. आमची आज्जी म्हणाली अरे ही तर धूळपाटी! मी घरी सोळा गेजच्या तांब्याच्या तारेची अक्षरं वाकवून दिली, तो डोळे मिटून हात फिरवून ओळखायचा, हात फिरवता फिरवता ध ची गाठ त्याच्या बोटाला कळली. एका वेळी एकच वेलांटी. ती पक्की होईपर्यंत दुसरी नाही. वाचताना खाली पट्टी धरायची म्हणजे एकच ओळ दिसते. रोज वीस मिनिटं, जास्त नाही. आणि विज्ञान, परिसर हे वाचून दाखवायचं, उत्तरं तोंडी घ्यायची, म्हणजे वाचनापायी बाकीचे विषय मागं पडत नाहीत. आठ महिन्यात पोरगं जोडाक्षर नसलेला परिच्छेद स्वतः वाचायला लागलं. सावकाश वाचतो, पण वाचतो, पाठ म्हणत नाही, मी पान उलटून बघितलंय.

असं काही सांगितलं की लोक लगेच म्हणतात, असल्या पोरांच्यात काहीतरी मोठी कला लपलेली असते बघा. असेल किंवा नसेल. माझ्यात काही लपलेलं नव्हतं. मी मोटारी दुरुस्त करतो आणि वाचता आलं असतं तर आयटीआयला गेलो असतो, एवढंच. पोरगं थोर निघालं तरच त्याला शिकवायचं का?

कायद्याचं बोलतो, हे सगळं भाचीनं शोधून दिलंय, ती बी.एड. करतेय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यात धरलीय. त्याच्या सोळाव्या कलमात शाळांना सांगितलंय की मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करा. भाचीला दोनदा वाचायला लावलं. त्यात आधी दाखला आणा मग शिकवू असं कुठं म्हणलेलं नाही. दाखला लागतो तो सवलतीला. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, त्याच्यासाठी. शिकवायला कसला दाखला? पण आमच्याकडं दोन्ही एकच करून टाकलंय आणि सगळं गाडं त्या एका कागदापाशी अडतं.

आणि सवलतीचं म्हणाल तर आपलं राज्य त्यात पुढंच होतं. १९९६ ला महाराष्ट्र सरकारनं डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचायला अडणाऱ्या अध्ययन अक्षमतेच्या, मुलांना दहावीला सवलती द्यायला सुरुवात केली. मी दहावीला पहिल्यांदा बसलो ते १९९९ च्या मार्चला. म्हणजे कागद निघून तीन वर्षं झाली होती! तो मुंबईहून आमच्या शाळेपर्यंत पोचलाच नसणार, मला तो मॅडमच्या तोंडून २०२३ ला कळला. राग कुणावर काढणार, आमच्या गुरुजींनी तर तो शब्द पण ऐकला नसेल. पण सवलत म्हणजे मदत नाही हे पण सांगतो. पाचवीच्या परीक्षेत धाकट्याला दाखल्यावर तासाला २० मिनिटं जादा मिळतील. ज्याला वाचताच येत नाही त्याला २० मिनिटं जादा दिली तर तो २० मिनिटं जास्त त्या कागदाकडं बघत बसेल. त्याला आता थोडं येतं म्हणून त्या २० मिनिटांचा उपयोग आहे, आणि येतं ते गुरुवारच्या त्या तासांमुळं.

माझं मागणं एवढंच आहे की पहिली-दुसरीतच प्रत्येक पोराचं वाचन एकदा एकेकट्याला जवळ घेऊन तपासा आणि जे अडकलंय त्याच्यावर दुसऱ्या दिवसापासून काम सुरू करा, दाखल्याचं मागनं काय व्हायचं ते होऊ दे. यासाठी नवीन काही शोधायला नको. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, त्यांनी २०१५ ला 'डाली' नावाची तपासणी काढली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीत पण आहे. त्यात वर्गशिक्षकांनी भरायचे तक्ते आहेत, एक पहिली-दुसरीसाठी, एक तिसरी ते पाचवीसाठी. दहा वर्षं होऊन गेली की ते येऊन. मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, मी विचारलं, कुणाला नाव पण माहीत नव्हतं. गुरुजींना दोष देत नाही, दोन शिक्षक आणि सगळे वर्ग, त्यात रोज कुठली तरी माहिती ऑनलाइन भरायची.

कुणी म्हणेल सगळी वाचता न येणारी पोरं काय डिस्लेक्सियाची असतात का? नसतात. २०२४ च्या प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत देशातल्या खेड्यापाड्यात पाचवीतल्या साधारण निम्म्याच पोरांना दुसरीचा मजकूर वाचता आला. एवढ्या सगळ्यांना डिस्लेक्सिया नाही. कुणी ऊसतोडीला आईबापाबरोबर सहा महिने बाहेर असतं, कुणाच्या घरी वेगळीच भाषा, कुणाला ऐकायला कमी येतं, कुणाला लॉकडाऊनमध्ये पहिली म्हणजे काय तेच दिसलं नाही. पण मी म्हणतो सुरुवात करायला हे कुठं ठरवायला लागतंय? आवाज आणि अक्षराची गाठ सगळ्यांनाच लागते, सावकाश नीट शिकवलं तर बरीचशी पोरं चार-सहा महिन्यात सुटतील, आणि तरीही जी अडकून राहतील ती मग खरी दवाखान्यात न्यायची. आत्ता उलटं चाललंय, सगळ्यांना थांबवून ठेवलंय.

आता माणसं कुठून आणायची. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ ला सांगितलं की प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे. २०२४ ला आपल्या सरकारनं शाळांच्या एका केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, इतकी वर्षं कंत्राटावर राबलेल्यांना कायम करायचं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण एक केंद्र म्हणजे दहा-पंधरा शाळा. आमच्या मॅडमकडं तेरा आहेत. त्यात अंध मूल वेगळं, बहिरं वेगळं, मतिमंद वेगळं, घरी अंथरुणाला खिळलेलं एक आहे त्याच्याकडं पण जायचं, स्कूटीवर, स्वतःच्या पेट्रोलनं. आमच्या वाट्याला गुरुवार येतो तो पण कधी येतो कधी नाही. म्हणून म्हणतो वर्गशिक्षकालाच यातलं थोडं शिकवा, नुसतं दोन दिवस हॉलमध्ये बसवून पीपीटी दाखवून नको, पोरं समोर बसवून दाखवा, आमच्या मॅडमनी मला दाखवलं तसं. मला दहावी नापासाला जमलं तर डी.एड. झालेल्याला का नाही जमणार.

२०२५ ला पहिलीपासून हिंदी पाहिजे का नको यावर केवढं रण माजलं, सरकारला कागद मागं घ्यावा लागला, सगळे भाषेवर बोलत होते. बोललंच पाहिजे. पण माझ्यासारखा बाप बसून विचार करत होता की मराठीच वाचता येत नाही त्या पोरांसाठी कधी एवढी माणसं रस्त्यावर येतील का.

ज्या काकांनी पत्र लिहिलं त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना वाचता येतं, त्यांना वाटणारच की मनावर घेतलं की येतं. त्यांनी एकदा आमच्या शाळेत यावं, गुरुवारी. धाकटा त्यांना वाचून दाखवेल, जरा वेळ काढून या म्हणावं, घाई केली की तो अडखळतो.

तुमच्याकडं पण एक मागणं आहे. तुमची रविवारची मुलांची पुरवणी येते त्यात अक्षर इतकं बारीक आणि ओळी इतक्या चिकटून असतात, वर रंगीत चित्रावर छापलेलं, की पोरगं बघूनच बाजूला ठेवतं. एकच गोष्ट मोठ्या अक्षरात, ओळीओळीत जागा सोडून, पांढऱ्या कागदावर छापून बघा. चार जाहिराती कमी येतील त्या येऊ द्यात.

येत्या गुरुवारचं काकांना आत्ताच नक्की सांगू नका. मॅडमना मतदार यादीचं काम लागलंय, कधी सुटतील ते त्यांना पण माहीत नाही.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला
तासगाव तालुका, जि. सांगली

ता. क. नाव छापू नका. माझं छापलं तरी चालेल पण पोराला वर्गात चिडवतील.